निजलेल्या भाताला चिमटा

मी तोंडाळ आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. माझा पट्टा सुरू झाला की माणसं वाट सोडतात. एका बाईवर तो चालवला तेव्हा तिचं काम गेलं, आणि त्या वेळी मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

खाडीकाठच्या एका भात संशोधन केंद्रात मी पीएचडी करत होते. किडीने पान कुरतडलं की भाताचं रोप गप्प बसत नाही. एरवी बंद असलेली त्याची काही जनुकं चालू होतात आणि किडीचं पोट बिघडवणारी द्रव्यं तयार व्हायला लागतात. सकाळी जखम केली काय आणि सांजवेळी केली काय, रोपाचं उत्तर तेच असतं का, एवढंच मला बघायचं होतं. किडीचं काम चिमट्याने करायचं. पान चेचायचं, तासाभराने तोडायचं, नळीत घालून लगेच गोठवायचं.

सकाळचं मी करायचे. माझी एसटी पाचला, म्हणून सांजेचं केंद्रातल्या कामवाल्या मावशीकडे. मावशी दिघीकडच्या एका गावची, जन्म भातशेतीत गेलेला. केंद्रात अकरा वर्षं रोजंदारीवर होती आणि त्या वर्षी तिला कायम करायचं घाटत होतं. "तुमच्या हाताखाली आहे, शेरा तुम्हीच लिहा," साहेब मला म्हणाले होते. मावशीला ते ठाऊक होतं. न सांगता रोज माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची.

सगळ्या नळ्या तपासल्या आणि माझं डोकंच फिरलं. सकाळ-संध्याकाळमध्ये तसूभर फरक नाही! सकाळी भरात असणारं आणि संध्याकाळी पार ओसरणारं एक जनुक असतं. आम्ही ते घड्याळासारखं ताडून बघतो. सांजेच्या नळ्यांतही ते सकाळच दाखवत होतं. चार महिने मी यंत्राला शिव्या घातल्या, रसायनं विकणाऱ्याला घातल्या, नशिबाला घातल्या. मग एक दिवस एसटी सोडली आणि शेडच्या आड उभी राहिले.

दिवस कलला. मावशी आली, वाफ्यांसमोर हात जोडले, फाटक लावलं आणि निघाली. आत जाऊन बघते तर त्या दिवसाच्या सांजेच्या नळ्या आधीच गोठून तयार. धावत जाऊन मी तिला वाटेतून परत आणलं.

"सांजच्याला झाडा निजतात, ताई," ती म्हणाली. "निजल्यालाला चिमटा कसा काढू? तुमी सकाली आत गेलात का मागनं मीच दुसरी पाना चेचायची. रोपा तर तीच हायत ना?"

डोक्यात सणक गेली. मी हाका मारून सगळा स्टाफ गोळा केला. "या, या, आमच्या शास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान ऐका!" सगळे हसले, साहेबसुद्धा. मग तिच्या हातात चिमटा दिला आणि त्या कातरवेळी सगळ्यांदेखत एकेक रोप चेचायला लावलं. ती चिमटा पानाला नुसता टेकवत होती. "जोरात!" मी म्हणत होते. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. प्रत्येक पानाला ती पुटपुटत होती, "माफ कर रं बाबा."

दुसऱ्या दिवशी मी शेरा लिहिला: विश्वासार्ह नाही. आठवड्याभरात तिला कामावरून काढलं. जाताना फाटकाशी म्हणाली, "ताई, एवढी एक चूक पोटात घाला." मी म्हणाले, "पोटात कशाला? प्रबंधात घालते की!"

आणि खरोखर घातली. तिने रडत चेचलेली ती पानं तपासली तेव्हा संरक्षणाची जनुकं जेमतेम हलली होती. सकाळी चवताळून उठणारं रोप सांजेला नुसतं कूस बदलत होतं. तीनदा पुन्हा करून पाहिलं, तेच. माझ्या प्रबंधात सांगण्यासारखं एवढंच निघालं. तोंडी परीक्षेला विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणाले, "वाचनातून."

गेल्या वर्षी दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या पहिल्या बोटीची वाट बघत होते. शेजारी टोपली ठेवून एक म्हातारी बसली. तांबड्या माठाच्या जुड्या होत्या. तिनेच मला ओळखलं.

"ताई, एक इचारू? लय दिस मनात हाय. या बोटीला भाजी न्यायची म्हंजे आदल्या सांजच्यालाच काढावी लागते. हात धजत न्हाय वो. तुमी शिकलेल्या. खरंच निजतात काय झाडा?"

हो म्हटलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. माझी एवढी लांब जीभ, पण तेवढ्याला पुरली नाही.

"छे!" मी म्हणाले. "खुळचट समजूत आहे ती."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. एक जुडी उचलून तिने माझ्या हातात कोंबली.

"बरा झाला सांगितलात," ती म्हणाली. "म्हंजे तवा तुमी उगाच न्हाय रागावलात. मीच चुकलेली."