पट्टी विचारणारा तबकडी

तबकडी समोर आला की रामराम करायचा नाही. आधी पट्टी सांगायचा. "दादा, तुमचा आवाज आज काळी दोनात आहे. चिडलात की पांढरी चार." असा संताप यायचा! अरे, मी माणूस आहे का बाजाची पेटी? कुकरची शिट्टी, टेम्पोचा हॉर्न, बायकोचं ओरडणं, काही म्हणजे काही सोडायचा नाही.

खरं नाव कोणी घेत नसे. आमच्याच कापडगिरणीत साच्यावर कापड विणायला होता. मीही तिथलाच. शाळा कशीबशी चौथीपर्यंत, पण माझ्या ढोलकीशिवाय गिरणीचा गणपती हलत नव्हता. गिरणीला टाळं लागलं तेव्हा कोणी भाजीचा ठेला लावला, कोणी ऑटो घेतला. ह्याने तबकड्या फिरवायची दोन मशिनं आणली. विलायतेतल्या भाच्याने खोकंभर काळ्या तबकड्या धाडल्या होत्या. 'ड्रम अँड बेस' म्हणे. ऐकलं, तर मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखं.

मी म्हटलं, "हा ढोल वाजतोय की पळून चाललाय?"

"ढोल धावू द्या हो दादा. खाली खरज बघा, कसा निवांत चालतोय. पाय त्याच्यावर ठेवा."

मला पाय कुठे ठेवायचा ते शिकवणारा हा कोण?

वर हट्टी. पेटीवर सूर धरून प्रत्येक तबकडीची पट्टी काढायचा. पट्टी आणि लय दोन्ही जुळल्याशिवाय एकीतून दुसरीत जायचा नाही. सुदामा नगरात एका लग्नात मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "भिया, आता तरी फिल्मी लावा ना यार." हा म्हणतो, "पट्टी बसत नाही. दोनचार तबकड्यांनी चढत चढत येतो." बाप भडकला, तर वर शहाणपण: "पोरीची पत्रिका जुळवलीत ना? मग गाण्यांचीही जुळू द्या." त्याला न जेवू घालता हाकललं. बरं झालं.

गिरणी बंद, तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत गिरणीची झांकी, म्हणजे देखाव्याची गाडी, काढायचीच, असं आम्ही कामगारांनी ठरवलं. आम्ही संपलो नाही, हे शहराला दाखवायचं होतं. मंडळ म्हणालं, पुढे मशीन हवं. मी म्हटलं, पुढे ढोलकीच. तेव्हा तबकडीच बोलला, "दादाच पुढे. मी त्यांच्यात मिसळतो." मेटाडोरवर ताडपत्रीखाली मशिनं नि भोंगे मांडून बसला, माझ्या ढोलकीची पट्टी विचारली आणि त्याच पट्टीची तबकडी लावली. सुरुवात झकास झाली, खोटं का बोलू.

राजवाड्याकडे वळलो आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. ढोलकीचं चामडं ओलावलं, सूर उतरू लागला. असं होतंच. दाबून वाजवायचं नि पुढे निघायचं. पण ह्याने काय करावं? ढोलकी उतरली तशी तबकडी हळू केली. त्या मशिनचं तसंच असतं, वेग कमी केला की सूर खाली येतो. सूर जुळला, लय मेली. भोंग्यापुढे माझा हात किती टिकणार? मी मंदावलो, माझ्यामागे झांकी मंदावली. मागची दुसऱ्या गिरणीची झांकी खोळंबली आणि तिथून कोणी ओरडला, "ढोलकीवाले बाबा थक गए भिया, कुर्सी दो!"

सगळं शहर हसलं. एका संध्याकाळात मला म्हातारं केलं त्याने.

झांकी थांबताच मी त्याची कॉलर धरली. "माझी लय का मारलीस?"

"ढोलकी उतरली होती दादा. तुम्हाला खाली एकटं कसं सोडू? बेसूर वाटला असता तुम्ही."

"वाटू दे! तुला कोणी विचारलं होतं?"

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. पुढे पोटासाठी तो सुरतेला साच्यावर गेला. जाताना दारात आला, "येतो दादा" म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ करून ढोलकी आवळत बसलो. तिकडेच वारला. लय मारली ती मारलीच, मी माफ केलेलं नाही.

आता झांकीपुढे भिंतीएवढे भोंगे असतात. वाजवणाऱ्याला पट्टी कशाशी खातात ते ठाऊक नाही. मी अजून पुढेच चालतो, हटत नाही. मागल्या खेपेला पाऊस आला, ढोलकी उतरली. मी वळून पाहिलं. भोंगे आपल्या सुरात, आपल्या वेगात, मला ओलांडून पुढे निघून गेले.