रस्त्यावरून बघणारे दादा

दादा कुठलीही इमारत जीपमध्ये बसूनच बघत. शाळेची नवी खोली असो, सोसायटीचं गोदाम असो, नाहीतर कुणाचा नवा बंगला, जीप रस्त्याच्या कडेला लागे. दादा मान बाहेर काढत, डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवत आणि निकाल देत. उतरून आत जायची तसदी त्यांनी घेतलेली मी पाहिली नाही. कुणी फारच आग्रह धरला, तर म्हणत, "आत कोण बघतंय?"

त्यांचं स्वतःचं घर याच तत्त्वावर उभं होतं. पुढून रंगीत फरशा, गच्चीला सिमेंटच्या कमळांचा कठडा. मागची भिंत मात्र गिलाव्यावाचून तशीच, उघड्या विटांची. तिथं पत्र्याच्या आडोशाला त्यांच्या पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचा चहा करत डोळे चोळत बसायच्या. चहा पुढे यायचा, धूर मागे राहायचा. अशा माणसाच्या हातात आमच्या वाचनालयाची इमारत गेली.

दौंड तालुक्यातलं आमचं गाव बाजाराचं. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत वाचनालय एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत होतं. पुस्तक उघडलं की पानांतून पीठ पडायचं. मग ग्रामपंचायतीनं जागा दिली, अनुदानही मंजूर झालं. दादा अध्यक्ष होते, कारण गावात जे जे काही होतं त्या सगळ्याचे अध्यक्ष तेच होते. वाचनाशी त्यांचा संबंध वर्तमानपत्रात आपला फोटो आलाय का, हे पाहण्यापुरता. हे मान्य करायला मला जड जातं, पण त्यांनी पुण्याला खेटे घातले नसते तर आम्ही अजून पीठच झाडत बसलो असतो.

मला नव्या इमारतीत एकच गोष्ट हवी होती. दुपारी बसून वाचता येईल अशी खोली. आमचं गिऱ्हाईकच दुपारचं. कॉलेज सुटलं की वस्त्यांवरच्या मुली संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबायच्या. घरी पोचल्यावर त्यांच्या हाती भाकरीचं पीठ यायचं, पुस्तक नव्हे. कुरकुंभच्या कारखान्यांतली पोरं पहिली पाळी संपवून यायची. एकेका खोलीत पाच-पाच जण राहणारी ती पोरं, त्यांना पाय पसरायलासुद्धा जागा नसे. या सगळ्यांचं जे काही व्हायचं ते दुपारच्या त्या दोन-तीन तासांत व्हायचं होतं.

पुण्याचे आर्किटेक्ट तरुण होते. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, याचंच मला अप्रूप वाटलं. वाचनकक्ष त्यांनी उत्तरेला घेतला, मोठमोठ्या काचांचा. तिकडून दिवसभर उजेड येतो आणि ऊन येत नाही, असं त्यांनी समजावलं. रस्ता पश्चिमेला होता. त्या बाजूला त्यांनी जिना, संडास आणि जुन्या अंकांची खोली टाकली, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनी झेलावं. मुलाणी सर आमचे चिटणीस, हायस्कूलमधून निवृत्त झालेले. ते आणि मी त्या नकाशावर कोणतं टेबल कुठे, हेसुद्धा ठरवून बसलो.

भूमिपूजनाला मंत्री येणार होते. धूळ उडू नये म्हणून दादांनी आदल्या दिवशी टँकर ओतवला. त्याचा झाला चिखल. मग मंत्र्यांना चिखलातून चालायला नको म्हणून कोनशिला रस्त्याला लागूनच बसवली. नारळ फुटला, फोटो निघाले, गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टनी फीत टाकून पाहिली तेव्हा कळलं, की मंत्र्यांचं आणि त्यांच्याखाली दादांचं नाव कोरलेला तो दगड संडासाच्या भिंतीत आला आहे.

घाईची बैठक भरली. दगड उचलून दारापाशी आणू, असा साधा उपाय आर्किटेक्टनी सुचवला. दादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू देवच उचलायला सांगितला असावा. "पूजा झालेला दगड उपटत्यात व्हय?" मग त्यांनी टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि कागद हळूच पाव फेरा फिरवला. "हे असं करा. दार रस्त्याकडं, काचा रस्त्याकडं, आन् कोनशिला दारापाशी. रस्त्यावरून कशी झ्याक दिसंल."

मी म्हटलं, वाचनकक्षात चार वाजल्यापासून ऊन घुसेल. मुलाणी सरांनी तेच सांगितलं. आर्किटेक्टनी तर पेन्सिलीनं ऊन काढून दाखवलं. दादा सगळं शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "पडदे लावू की. आत कोण बघतंय, बाई?" सभासदांनी माना डोलावल्या. मला मताचा अधिकार नव्हता, मी पगारी नोकर. आर्किटेक्टनी नकाशाची गुंडाळी केली, ते उद्घाटनालाही आले नाहीत. कागद फिरवला की सूर्यही सोबत फिरतो, असं मानणारी माणसं तोवर मी एकत्र इतकी पाहिली नव्हती.

इमारत खरोखरच झ्याक दिसत असे, रस्त्यावरून. सोलापूरकडे जाणारे लोक गाडी थांबवून, हा कुणाचा बंगला, म्हणून विचारत. आत चार वाजले की खुर्च्यांचा प्रवास सुरू व्हायचा. ऊन टेबलावर चढलं की वाचणारे एक पाऊल मागे सरायचे, मग आणखी एक. पाचपर्यंत सगळे कपाटांना पाठ लावून दाटीवाटीनं बसलेले असायचे आणि समोरची चांगली सागवानी टेबलं उन्हात मोकळी तापत पडायची. पडदे आले होते, नाही असं नाही. दादांच्या पुतण्याच्या लग्नात ते स्टेजला गेले, ते परत आले नाहीत.

पुढे दादा निवडणुकीत पडले. एकेक अध्यक्षपद त्याच पुतण्याकडे, बापूकडे, गेलं. जीप गेली, गुडघेही गेले. घरात टीव्हीवरून नातवंडांशी भांडण व्हायला लागलं, तसे दादा दुपारचे वाचनालयात यायला लागले. उंबरा ओलांडून ते आत आले तेव्हा मुलाणी सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवून मला खूण केली. दादांनी खिडकीजवळची पहिली खुर्ची धरली. तिथून रस्ता दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रस्त्यावरून ती खुर्ची दिसते.

चार वाजता ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं. त्यांनी डोक्यावर टॉवेल घेतला. थोड्या वेळानं खुर्ची मागे ओढली, मग परत ओढली. शेवटी कपाटांपाशी पोचले तर तिथं जागा नाही. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मांडीवर घेतलेली एक मुलगी आक्रसून बसली आणि म्हणाली, "आबा, या हितं, सरकते मी." दादा तिच्या शेजारी बसले. समोरच्या रिकाम्या टेबलांकडे त्यांनी बोट केलं.

"बाई, ह्या काचा हिकडं कुनी काढल्या?"

"दादा, नकाशा तुम्ही फिरवला होता."

"मला कुनी सांगितलं न्हाई उनाचं."

मी उठून आत गेले. तिथं थांबले असते तर माझ्या तोंडून काय निघालं असतं, सांगता येत नाही.

पण पुढच्या बैठकीला दादा काठी टेकत आले. आता ते साधे सभासद होते. पश्चिमेला चांगली खोल पडवी काढा, ऊन तिथंच अडंल, असं त्यांनी सांगितलं. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. खुर्चीवर बापू होता. तो अदबीनं म्हणाला, "दादा, पडवी काढली तर कोनशिला झाकती. तुमचंच नाव हाय तिच्यावर. रस्त्यावरून काय दिसंल मग?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच माना, तशाच. दादांनी काठी जवळ ओढली. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, आणि आलंही. पण त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं मुलाणी सर आणि मी सोडून कुणी नव्हतं, हे पाहून ते विरलं. दुसऱ्या दिवशी दादा टॉवेल घेऊन आले. नंतर रोज येत. कपाटाजवळची त्यांची जागा त्या मुली धरून ठेवायच्या.

एका थंडीत दादा गेले. शोकसभा इमारतीसमोर झाली, आत कुणी आलं नाही. स्मारक काय करावं, म्हणून बापूनं मलाही विचारलं. मी पडवी म्हणाले, दादांची शेवटची इच्छा होती, असंही म्हणाले. समितीनं अर्धपुतळा ठरवला. उंच चौथऱ्यावर, वाचनकक्षाच्या खिडकीला लागून. तोंड अर्थातच रस्त्याकडे, आमच्याकडे पाठ.

आणि साडेचारच्या सुमाराला असं होतं, की सूर्य त्या पुतळ्याच्या आड जातो आणि दादांची सावली काचेतून आत येऊन पहिल्या टेबलावर पडते. एक खुर्ची आणि एक उघडं पुस्तक मावेल एवढी. अख्ख्या गावाला वर्षानुवर्षं उन्हात बसवून माणसानं शेवटी एका खुर्चीपुरती सावली दिली, तीही पाठ फिरवून. त्या खुर्चीवर मुली दुपारीच रुमाल टाकून ठेवतात.

परवा केडगावकडची एक नवी मुलगी तिथं बसली होती. मी जवळून जाताना कौतुकानं म्हणाली, "बाई, पुतळा बसवणाऱ्यानं डोकं चालवलंय. बरोब्बर वाचायच्या वेळेला सावली येती."

मुलाणी सरांनी वर्तमानपत्राआडून माझ्याकडे पाहिलं.

"वाच तू," मी तिला म्हटलं. "अर्ध्या तासात सरकते ती."