साहेबांनी नेलेली टेकडी

कंपनीच्या रिसेप्शनमधला तो फोटो उतरवला, त्या दिवशी मी मॅनेजरशी भांडले. मी एकटीच भांडले म्हणायचं. इथली, आयर्लंडमधल्या कॉर्कची माणसं भांडण दिसलं की हवेविषयी बोलू लागतात, तसा तोही बोलू लागला. फोटोत चीनमधल्या एका प्रांताचा उपप्रमुख होता. आमच्या औषधांच्या कारखान्यात तो पाहुणा म्हणून आला होता, आणि शेजारी दुभाषी म्हणून उभी होती माझी चिनी मैत्रीण. ती आमच्याच लॅबमध्ये काम करते. पुढे त्या साहेबाला तिकडे लाच खाताना पकडलं, त्याच्या जागी नवा माणूस आला, म्हणून फोटो खाली. "युअर मॅन गेला ना आता," मॅनेजर म्हणाला. "नव्या साहेबांच्या डोळ्यांत कशाला खुपायला हवा? इट्स ग्रँड."

ग्रँड! इथे 'तो बाबा'ला युअर मॅन म्हणतात आणि 'चालतंय'ला ग्रँड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या माणसाची सगळी कारकीर्द मैत्रिणीने मला लंचच्या वेळी सांगितली होती. आमच्याकडे पुढारी पक्ष बदलत वर चढतात. तिकडे पक्ष एकच, तेव्हा हा गावं बदलत चढला. तिच्या तालुक्याचा पक्षप्रमुख असताना त्याने कारखान्यांसाठी जमीन मोकळी केली आणि शहराचा महापौर झाला. शहरात जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते केले आणि प्रांताच्या राजधानीत गेला. जिथून गेला तिथे त्याने मागे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणा.

तिच्या गावामागची टेकडी त्याने सपाट केली. टेकडीवर गावाची थडगी होती, तिच्या आजीचंही होतं. तिचे वडील तेव्हा दूरच्या शहरात बांधकामावर होते. नोटीस गावात लागली, पण वाचायला गावात म्हातारे तेवढे उरलेले. थडगी उकरली आणि ट्रकमध्ये घालून कुठेतरी नेली. वसंतात त्यांच्याकडे पितरांची थडगी झाडायचा सण असतो. वडील सणाला घरी आले, तर टेकडीच नाही.

मी पुण्याची. आम्ही जाळतो, राख नदीत सोडतो आणि मोकळे होतो. हाडांचं एवढं काय, असं मला आधी वाटलं. मग तिने मोबाइलवर दाखवलं. वडील दरवर्षी त्या कारखान्याच्या भिंतीबाहेर, फुटपाथवर, आईला पोचाव्यात म्हणून तिच्या नावाने कागदी नोटा जाळतात आणि वॉचमन त्यांना हाकलतो. म्हातारा माणूस, उकिडवा बसून, चोरासारखा घाईघाईने जाळतोय. कावळ्याला घास ठेवायला आपल्याला निदान गच्ची तरी मिळते. मरण्याआधी त्या माणसाला एवढंच कळायला हवं होतं, की आई कुठे आहे.

तो उपप्रमुख कॉर्कला आला तेव्हा जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये तिने त्याला हेच विचारलं. मी शेजारी उभी होते. शब्द कळले नाहीत, पण त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतलेला मी पाहिला. सणाआधी कळवतो, असा शब्द त्याने दिला, हे तिने मला नंतर सांगितलं; सेक्रेटरीने तिचा नंबर घेतला. वडिलांनी लगेच लाल रंगाने भरलेला डबा विकत आणला. दगडावर कोरलेली नावाची अक्षरं सणाला रंगवून काढायची असतात. छोटा डबा पुरला असता, त्यांनी मोठा घेतला. आई सापडली की आजूबाजूचेही सापडतील, त्यांचीही अक्षरं रंगवून टाकू, म्हणाले.

सण आला, गेला. फोन काही आला नाही. मग बातमी आली, साहेब आत. घरं सापडली, घड्याळं सापडली, सोनं सापडलं. ऑफिसातले आपले लोक टाळ्या पिटायचेच काय ते बाकी होते. बघा, कसं सरळ आत टाकतात, आपल्याकडे असं पाहिजे! मला तिडीक आली. त्याच्यावरच्या आरोपांत टेकडी कुठेच नव्हती. कशी असेल? टेकडीच्या जोरावर तर त्याला बढती मिळाली होती. आणि आता ज्याला विचारायचं तोच गेला, त्याचं नाव घेण्याचीही तिकडे चोरी.

यंदा सणाच्या तोंडावर नवा साहेब आला. यानेही जुन्याच्याच हाताखाली काम केलेलं. सगळे एका माळेचे मणी. जेवणानंतर आमचा पाणी शुद्ध करायचा नवा विभाग मी त्याला दाखवला. दुभाषी पुन्हा तीच. शेवटी मॅनेजर म्हणाला, कोणाला काही विचारायचंय? मी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या औद्योगिक वसाहतीसाठी टेकडीवरची थडगी हलवली, ती कुठे नेली?"

तिला आधी सांगितलं नव्हतं. समोरचा बोलेल ते दुभाष्याला सांगावंच लागतं, तिच्यावर काही येणार नाही, असा माझा हिशेब. मॅनेजरचा चेहरा पडला. ती चिनीत काहीतरी बोलली. साहेब मनापासून हसला आणि बराच वेळ बोलत राहिला.

"त्यांना सगळं आवडलं," ती म्हणाली. "विशेषतः मासा."

मॅनेजरने सुस्कारा सोडला. लॉकर रूममध्ये मी तिच्यावर ओरडले. "काय विचारलंस तू त्याला?"

"जेवण कसं वाटलं ते."

"अगं, पण का?"

"तू ओरडशील आणि घरी जाशील. माझे वडील त्या भिंतीपाशी जातील. त्यांचं आणि माझं आडनाव एकच आहे."

राग कमी झाला नव्हता, कोणावर काढायचा तेवढं कळेना. दोन दिवस मी घरात भांडी आपटली.

सणाच्या दिवशी ती कँटीनमध्ये मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली. तोच फुटपाथ, तीच राखाडी भिंत. भिंतीवर मोठाली लाल अक्षरं होती, अजून ओली, खाली ओघळ आलेले. वडिलांनी डबा उघडला होता. आधी आजीचं नाव, तिच्या शेजारी गावातल्या आणखी कोणाचं, मग आणखी एक. वडील ब्रश धरून उभे होते आणि वॉचमन लांबून ओरडत येत होता.

"पुसून टाकतील गं," मी म्हणाले.

"टाकू देत," ती म्हणाली. "डबा मोठा आहे."