गुडघे टेकता येतात का?

आमच्या मामांना सगळे 'पाणसळ' म्हणतात. चाळीस वर्षं फरशी बसवली, आणि लेव्हल बघायची पाणसळ हातातून कधी सुटली नाही. गुडघा बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ती मामीकडून मागवली आणि नव्या पायावर ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध! "यंत्राचा हात बरा आहे," एवढंच प्रशस्तिपत्रक ऑपरेशन करणाऱ्या रोबोटला मिळालं.

रोबोटनं काम चोख केलं, हे मीही मानते. सहा आठवड्यांत मामा जिना चढू लागले, कण्हणं थांबलं. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आता गुडघ्यांवर बसणं टाळा." फरशी काय उभ्यानं बसवतात? मामीनं मात्र तेवढं वाक्य गाठीशी बांधलं. थापी, रबरी हातोडी, सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. "केलंत तेवढं पुरे. आता घरात बसा." मामा बसले, आणि असे सुकत गेले की मला गुडघ्यापेक्षा माणसाचीच काळजी वाटू लागली. मामीचा भयंकर राग यायचा. तिचंही खोटं नव्हतं, म्हणून जास्तच यायचा.

सहा महिन्यांनी तपासणीला आम्ही तिघं गेलो. फॉर्म भरून घेणारी मुलगी एकेक प्रश्न वाचत होती. चालणं, जिना, झोप, सगळ्याला मामांचं "सहज" ठरलेलं. मग तिनं विचारलं, "गुडघे टेकता येतात का?"

मामा भडकलेच. "कुणापुढे? अजून एकाही ठेकेदारापुढे टेकले नाहीत!"

"अहो आजोबा, जमिनीवर! टेकून परत उठता येतं का?"

"नाही येत, लिही गं," मामी म्हणाली. "डॉक्टरांनीच नको म्हटलंय."

"टाळा म्हटलंय. येत नाही असं कोण म्हणालं?" मामा म्हणाले.

मामांनी माझी शाल ओढून घेतली, घडी करून खाली टाकली, आणि खुर्ची धरून वाकले. आधी जुना गुडघा, मग नवा. मामी ओरडली, तशा डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या.

"दुखतंय?"

"नाही. बधिर लागतंय. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बसल्यासारखं."

"मोडणार तर नाही ना?" मी विचारलं.

"नाही मोडत. बऱ्याच जणांना नकोसं वाटतं, म्हणून टाळा म्हणते. मऊ उशी घेऊन, थोडा थोडा वेळ, चालेल."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मामीचा आवाज चढला.

"तुम्ही विचारलंच नाहीत."

मामांचं इकडे लक्षच नव्हतं. ते बोटाच्या पेरानं फरशी वाजवत होते. टक, टक, ठप्प. "ही पोकळ आहे. ही पण. खाली सिमेंटचा माल भरलेलाच नाही. उद्या उखडली की एखादा पेशंट अडखळून पडेल."

"आजोबा, आधी उठा तरी," मुलगी काकुळतीला आली.

मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला खुर्चीला धरून उठले, घामानं डबडबलेले.

"लिही, येतं म्हणून," ते म्हणाले. "आणि सोमवारी सकाळी ही खुर्ची-टेबलं इथून हलवून ठेव. मी येतोय."