तीन फ्लास्क आणि माझं एक बोट

काय झालं ते सांगतो, पण आधीच हसू नका! बोट एवढंसं, पण त्यानं केलेला घोळ अख्ख्या वर्ध्यात गाजला.

माझं गुळाचं दुकान. भाची पल्लवी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. ती जीवाणूंची जनुकं बदलते, त्यांना काकवी पाजते आणि त्यांच्याकडून न्यूक्लिओसाइड बनवून घेते. विषाणूवरच्या औषधांचा कच्चा माल! काकवी माझ्या दुकानातली. म्हणजे अर्धा शास्त्रज्ञ मी, नाही का?

"मामा, हे जीवाणू बनवलेला मालच खाऊन टाकत होते. ते खायचं जनुकच काढून टाकलं मी."

"म्हणजे माल बनवतात अन् चाखत नाईत? असे दोन नोकर दे ना मले दुकानात!"

शुक्रवारी औषध कंपनीचे साहेब तिचं काम पाहायला येणार होते. वर्षभराची मेहनत तीन फ्लास्कांत, तोंडाला कापसाचे बोळे. बुधवारी मी काकवी द्यायला गेलो, तर म्हणाली, "मामा, दहा मिनिटं बसा. आलीच मी. कशाले हात नका लावजा!"

नाहीच लावला हो! पहिली पाच मिनिटं.

पण बोटानं चाखल्याशिवाय मी जन्मात सौदा केला नाही. बोळा काढला, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. हॅत्! गोडीच नाही! बिचारे उपाशी मरून राह्यले! खिशात नमुन्याचा गूळ होताच. एकेक खडा टाकला. तिन्हींत! भेदभाव कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "मामा, लवकर या!"

मी पेढे घेऊनच धावलो. पाहतो तर तिन्ही फ्लास्कांतून फेस उतू चाललेला. "पाह्य बाई, कसे खुश झाले! माल दुप्पट!" फेस पाहायला आलेल्या प्राचार्यांनाही पेढा भरवला.

"मामा, हे माये जीवाणू नाईत," पल्लवीचा आवाज रडवेला. "गुळातलं यीस्ट हाय हे. दारू होऊन राह्यली!"

दारूबंदीच्या जिल्ह्यात, भर कॉलेजात, मी हातभट्टी लावली होती!

"मूळ वाण फ्रीजरमध्ये हाय, पण चार दिवस लागतील. उद्या काय दाखवू मी?"

मी पेढ्यांचा पुडा बंद केला. मग साहेबांना फोन मीच केला, गुन्हा कबूल केला. ते पोट धरून हसले आणि मंगळवार दिला.

मंगळवारी फ्लास्क एकदम झकास. साहेब खुश. "मॅडम, जीवाणूंची माल खायची सवय मोडलीत. कमाल आहे!"

पल्लवीनं दाराबाहेर पाहिलं. तिथे मी, दोन्ही हात खिशात घालून उभा.

"जीवाणूंची मोडता येते सर," ती म्हणाली. "मामांचं जनुक अजून सापडलं नाही."