काडेपेटीतली झुंज

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत दुपारी वीज गेली की मामाच्या यंत्रमाग कारखान्यातले सगळे लूम एकदम गप्प होत. मी तिथे हजेरी लिहायचो. रिकामे बसलेले कामगार भिंतीवरचे कोळी पकडत. जाळं न विणता माशीवर थेट झेप घेणारे, नखाएवढे, पाठीवर पांढरे पट्टे असलेले. दोन नर काडेपेटीत सोडले की पुढचे पाय उगारून ते समोरासमोर उभे राहत. पण बहुतेकदा एक जण माघार घेई आणि खेळ संपे. मला ते पुरेना. एकदा मीच आत पुठ्ठा खोचून पळायची जागा बंद केली.

त्या दुपारी एका कोळ्याने दुसऱ्याचं डोकं जबड्यात धरलं. हरलेल्याचे पाय थरथरत आवळत गेले. तो ज्याचा होता त्या विणकराने जिंकलेला कोळी अंगठ्याखाली चिरडला. जिंकलेला कोळी त्याच्या मेव्हण्याचा होता. दोघं उत्तर प्रदेशातल्या एकाच गावचे, एकाच खोलीत राहणारे. मेव्हण्याने लूमवरचा, आडवा धागा नेणारा धोटा उचलला आणि त्याची लोखंडी अणी विणकराच्या डोळ्यात घातली. मग आणखी दोनदा हाणला. कोऱ्या कापडावर रक्त उडालं. मी हातभर अंतरावर होतो आणि हललो नाही.

विणकराला दवाखान्यात नेताना रिक्षात मामाने मला बजावलं की कोणी विचारलं तर धोटा उडाला म्हणून सांग. माझ्यावर ती वेळच आली नाही. डॉक्टरांनी विचारताच विणकर स्वतःच म्हणाला, "चलते लूम से उड़ा, साहब." वीज नव्हती हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं; बाहेर दवाखान्याचा जनरेटर धडधडत होता. त्यांनी तेच लिहून घेतलं.

डोळा गेला. विणकर बरा होईपर्यंत त्याचे लूमही मेव्हण्यानेच चालवले, दोन्ही शिफ्ट. पट्टी निघाल्यावर मी त्याला विचारलं, खोटं का बोललास.

"उसकी बहन मेरे घर में है," तो म्हणाला. "उसको क्या बताता?"

पुठ्ठ्याचं मी त्याला सांगणार होतो. सांगितलं नाही.

पुढे एका डोळ्याने तुटलेला धागा दिसेना, तेव्हा त्याने काम सोडलं. मेव्हणा त्याला गावी पोचवायला गेला आणि आठ दिवसांनी एकटाच परत आला.