सतरंजी घेऊन घर बघायला

माझ्या साडूंविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लग्नाकार्यात त्यांचे किस्से रंगवून सांगायचो, लोक हसायचे, आणि बरोबर एका ठिकाणी आलो की मी जेवणाची पानं मांडली का ते बघायला उठायचो. आज त्या ठिकाणापर्यंत जायचं आहे. पण आधी साडू तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहायला हवेत, म्हणून सांगतो, की लालबागपासून दादरपर्यंत त्यांच्याइतकी विकाऊ घरं दुसऱ्या कुणी पाहिलेली नाहीत. आणि एवढी घरं पाहूनही घरात नेमकं काय बघायचं असतं, याबद्दल एवढा गोंधळ दुसऱ्या कुणाचा झालेला नाही.

ते राहायचे गिरगावात, आमच्यापासून दोन वाड्या सोडून, चाळीतल्या दीड खोलीत. घरात ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि दोन मुली. नळ गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत मिळून एक. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे त्या दोन मुलींवर आम्हा नवराबायकोचा निम्मा हक्क होता आणि साडूंनी तो कधी नाकारला नाही.

घर शोधण्याचा त्यांचा हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात घर बघू नये, घामेजलेला माणूस कुठल्याही पंख्याला हो म्हणतो. पावसाळ्यात चांगलं घरही रडकं दिसतं. थंडीतलं घर तेवढं खरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. मुंबईची थंडी ती काय, पण दिवाळी उलटून पहिला रविवार आला की ते माकडटोपी चढवून आमच्या दारात उभे. मागे ताई, हातात डबा. थोरलीकडे बॅडमिंटनच्या रॅकेटी, धाकटीकडे फुलं, आणि साडूंच्या खांद्यावर गुंडाळलेली सतरंजी. घर बघायला निघालेली ही मंडळी सहलीला निघाल्यासारखी दिसायची. ती सहलच आहे की काय, हा संशय मला पहिल्यापासून होता आणि अजून फिटलेला नाही.

दादरला एका नव्या इमारतीच्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही शिरलो. टायवाला विक्रेता पुढे आला.

"सर, बजेट काय पकडून चाललाय?"

"तुम्ही जेवलात का?" साडू म्हणाले.

"नाही सर, लंचला टाइम आहे."

"मग बसा. उपाशी माणसाशी मी घराचं बोलत नाही."

हॉलच्या मधोमध सतरंजी पसरली गेली. अळूवड्या निघाल्या. विक्रेता आधी उकिडवा बसला, मग मांडी घालून, आणि शेवटी टाय खिशात घालून इमारतीखाली धाकटीशी बॅडमिंटन खेळला. फूल वाऱ्याने सारखं डावीकडे जातं, एवढ्यावरून साडूंनी ते घर नापास केलं. पण पुढच्या रविवारी तो विक्रेता दुसऱ्याच बिल्डरच्या इमारतीत आमच्या सतरंजीवर हजर होता. येताना भजी घेऊन आला होता.

घर आडवं पडून बघावं, हा त्यांचा दुसरा नियम. "माणूस जन्माचा तिसरा हिस्सा घरात आडवा असतो आणि बघायला मात्र उभा जातो," ते म्हणायचे. परळला एका रिकाम्या घरात आम्ही सहा जण ओळीने छताकडे बघत पडलो होतो. शेजारच्या बाईंनी दारातून डोकावलं, मुकाट्याने मागे फिरल्या आणि आणखी दोघींना घेऊन आल्या.

"काय झालं हो?" एकीने दबक्या आवाजात विचारलं.

"काही नाही," माझी बायको पडल्यापडल्या म्हणाली, "घर बघतोय."

घरांना ते आम्ही तिथे काय खाल्लं त्यावरून ओळखत. "मटारकरंजीचं घर हवेशीर, पण जिना भजीच्या घराचा बरा," असं ते गंभीरपणे बोलायचे. कुठलं घर कुठे होतं हे आम्हा कुणालाच आठवायचं नाही. एक घर समोरचा देखावा फार छान म्हणून नाकारलं. मुली अभ्यास करणार नाहीत म्हणाले. एक फार मोठं म्हणून. एकमेकांना हाका माराव्या लागतील.

प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असायचं. ताईंनी ओटा बघायचा, मुलींनी ऊन, माझ्या बायकोने शेजार आणि मी पाणी. कारण मी पाणी खात्यात नोकरीला होतो. माझी सगळी नोकरी बिलांच्या टेबलावर गेली, जमिनीखालचा व्हॉल्व्ह मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "तरी पण तुम्ही खात्यातले," असं म्हणून ते विषय मिटवायचे.

मग काळाचौकीचं घर आलं. तिसरा मजला, दोन खोल्या, लहानशी गॅलरी, मोरीत स्वतंत्र नळ. त्या दिवशी साडूंनी सतरंजी पसरली नाही. आडवेही पडले नाहीत. ताईंनी ओट्यावर हात ठेवला आणि वरच्या फळीपर्यंत नेला. "माझा हात पोचतो इथे," एवढंच त्या म्हणाल्या. मुली गॅलरीत कुठे कोण झोपणार यावरून भांडायला लागल्या. साडू माझ्याकडे वळले. "जरा पाण्याचं विचारून येता?"

तळमजल्यावरच्या आजींना मी विचारलं. "पानी? धो धो येता रे," त्या म्हणाल्या. "सकाळी दोन तास, संध्याकाळी येक."

मी जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो. दम लागला म्हणून थांबलो असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं काय करणार, एवढा एकच विचार डोक्यात होता. त्याच्या आधी तो कधी आला होता का, मला सांगता येणार नाही. वर पोचलो, साडूंनी भुवया उंचावल्या आणि मी म्हणालो, "पाण्याचा त्रास आहे. दाबच नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही. ताईंचा हात ओट्यावरून खाली आला. धाकटी म्हणाली, "मग काय, डबा इथेच खायचा का?" साडू म्हणाले, "खाली जाऊन खाऊ."

पुढच्या वर्षी थोरलीची दहावी आली आणि रविवार तसेही संपले. घरांच्या किमती हाताबाहेर गेल्या. ताई आणखी अकरा वर्षं गॅलरीच्या टोकाशी कळशी लावून उभ्या राहिल्या. मग चाळ धोकादायक ठरली आणि ते बदलापूरच्या पुढे राहायला गेले.

गेल्या हिवाळ्यात साडू आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी एकटाच गेलो. वाक्य घरून तयार करून नेलं होतं. पलंगाशेजारी त्यांचे एक शेजारी बसले होते. साडूंनी माझी ओळख करून दिली. "हे माझे साडू. पाणी खात्यातले. काळाचौकीच्या घरात आम्ही फसलोच होतो, ह्यांनी वाचवलं. नाहीतर ही जन्मभर पाणी भरत बसली असती."

ते हसत होते. खरंच आभार मानत होते, की त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ही मला दिलेली सूट होती, मला अजून कळलेलं नाही. ताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या खिडकीकडे, तेही कळलं नाही. शेजारी म्हणाले, "असे नातेवाईक मिळायला भाग्य लागतं हो." मी चहा घेतला. साखर बरोबर आहे म्हणालो. संध्याकाळ होईपर्यंत बसलो, आणि शेजारी उठून गेल्यावरही बसलो.

होळीच्या आत साडू गेले. ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं. फार मोठं नव्हतं. साडूभाऊ, त्या घरात पाणी होतं, मला क्षमा करा.